पेनी शेअर घेण्याआधी

दोन रुपयांचा शेअर म्हणजे स्वस्तच, असं नाही रे. मिरकरवाड्याला सुरमई घेताना आपण कल्ले उघडून लाल आहेत का बघतो, मगच भाव करतो. इथेही तेच. बीएसईच्या साइटवर कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर आहेत ते) उघड: प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींचा हिस्सा दर तिमाहीला घटतोय का, त्यातला गहाण किती? मग कॅश फ्लो. कागदावर नफा, पण धंद्यातून रोकड येत नाही, तर थांब. ऑडिटरचा शेराही वाच.

नवखे फसतात टेलिग्रामच्या टिपांना आणि रोजच्या अप्पर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकण्याला. लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव खालच्या मर्यादेला टेकला, की विकायला गिऱ्हाईकच मिळत नाही. माझे पैसे असेच चार महिने अडकले होते. जीएसएमच्या, म्हणजे एक्स्चेंजने खास नजरेखाली ठेवलेल्या शेअरांच्या यादीत नाव दिसलं तर हात लावू नकोस. चार्टबिर्ट नंतर बघू. आणि आंब्याच्या हंगामाचे पैसे यात अजिबात घालू नकोस.