बारावीनंतर स्पोर्ट्स न्यूट्रिशन शिकायचंय, नागपुरात राहून जमेल का?

तुझा प्रश्न नंतर येणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. बारावी सायन्स झालंय, नीटमध्ये जमलं नाही. रविनगरच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर पंधराशे मीटर पळतेस आणि खेळाडूंच्या आहारशास्त्रात करिअर करायचंय. इन्स्टावर कुणीतरी तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स विकून राहिलाय. बाबा म्हणतात, "लोकांना काकडी खा सांगायला डिग्री कशाला?" शाळा मराठी माध्यमाची, केमिस्ट्री कच्ची. आणि होम सायन्समध्ये स्वयंपाकच शिकवतात का, हे तू अगदी शेवटी हळूच विचारलंयस.

मी इथेच खेळाडूंच्या आहाराचं काम करते, तर माझं मत सरळ सांगते. बी.एस्सी.च्या नावात 'स्पोर्ट्स' शब्द शोधत बसू नकोस. पदवी पोषणशास्त्राची घे, खेळाचा भाग एम.एस्सी.ला येऊ दे. खेळाडूचं शरीर कळायला आधी साधं शरीर कळावं लागतं. आजारी माणसाचंही कळावं लागतं, कारण तुझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंत कुणाला मधुमेह असेल, कुणाचं हिमोग्लोबिन आठवर असेल.

तीन महिन्यांचा कोर्स छंद म्हणून कर, व्यवसाय म्हणून नको. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी कायदा केला, त्याच्या यादीत आहारतज्ज्ञही आहेत. म्हणजे हळूहळू पदवी आणि नोंदणी बघितली जाणार. शिवाय हॉस्पिटल किंवा भारतीय क्रीडा प्राधिकरण (खेळाडूंच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था) नोकरी देताना सहसा ते सर्टिफिकेट धरत नाही.

पोषणशास्त्र होम सायन्समध्येच येतं. नागपुरात शंकरनगरच्या एल.ए.डी. कॉलेजात होम सायन्स आहे आणि आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा होम सायन्सचा पदव्युत्तर विभागही आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची रचना बदलत राहिली आहे, तेव्हा यंदाचं माहितीपत्रक स्वतः हातात घेऊन बघ, मैत्रिणीच्या ताईने सांगितलं त्यावर जाऊ नको. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत (एनआयएन) एम.एस्सी. स्पोर्ट्स न्यूट्रिशन आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. नागपूरहून एका रात्रीचा प्रवास. प्रवेश परीक्षा असते, आणि तिच्यात बायोकेमिस्ट्री आणि शरीरक्रियाशास्त्र पक्कं असणारी मुलं पुढे जातात. हॉस्पिटलातली डाएटिशियन म्हणूनही दार उघडं ठेवायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' परीक्षा पदव्युत्तर शिक्षण आणि इंटर्नशिपनंतर देता येते. दे, उपयोगी पडते.

आता स्वयंपाकाचं. हो, फूड लॅब असते आणि तिथे भाकरी करावी लागते. पण करण्याआधी पीठ वजनकाट्यावर जातं. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३४ ग्रॅम कर्बोदकं आणि पाच ग्रॅम प्रथिनं, हे तोंडपाठ व्हावं म्हणून ती लॅब असते. घरी 'थोडंसं खाल्लं' म्हणतो ना, त्या थोड्याशाचा आकडा काढायला तिथे शिकतात. एनआयएनची २०१७ ची भारतीय अन्नघटकांची तक्ता-पुस्तिका आहे, पाचशेवर पदार्थांची. ती पुढची काही वर्षं तुझ्या उशाशी राहील.

केमिस्ट्रीची भीती वाटते म्हणतेस, तर एक गोष्ट सांगते. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी एकच व्यायामाची सायकल दोन बाजूंनी चालवली, प्रत्येकाने एकाच पायाने. एक पाय पार थकवला, दुसरा आरामात ठेवला. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि रोज सुई घालून स्वतःच्याच मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. थकवलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, आरामातल्या पायाच्या जवळपास दुप्पट साठलं. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच, तरी फरक पडला. म्हणजे साठवण्याची किल्ली त्या स्नायूतच होती. आज मॅरेथॉनवाले शर्यतीच्या आधी भात-बटाटा वाढवतात त्याचं मूळ या सायकलवर आहे. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडून ऊर्जा काढण्याच्या, दहा पायऱ्या नुसत्या पाठ करायला गेलीस तर कंटाळशील. चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय का जड होतात, हे डोक्यात ठेवून वाच, मग लक्षात राहतं. तू तर स्वतः पळतेस, तुझं अर्धं काम झालंय.

एम.एस्सी.ला आकडे शरीराच्या वजनावर येतात. जिथेतिथे 'ग्रॅम प्रति किलो'. साध्या माणसाला प्रथिनं ०.८३ ग्रॅम प्रति किलो पुरतात असं आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, खेळाडूला १.२ ते २. रोज तासभर कसून सराव असेल तर कर्बोदकं पाच ते सात ग्रॅम प्रति किलो. तू पन्नास किलोची धरली तर दिवसाला तीनशे ग्रॅमच्या आसपास. हे पुस्तकात कुणीही वाचू शकतं. खरं शिक्षण आहे ते तीनशे ग्रॅम होस्टेलच्या मेसमध्ये, महिन्याच्या ठरलेल्या पैशांत आणि सकाळी साडेपाचच्या सरावाच्या वेळेत बसवणं. पोहे चांगलेच, ७५ ग्रॅम कोरड्या पोह्यांत ५७-५८ ग्रॅम कर्बोदकं येतात. पण पळण्याआधी तर्री पोहे खाल्ले तर तिसऱ्या राउंडला काय होतं ते तुला मी सांगायची गरज नाही. तर्री सरावानंतर, आधी केळं. प्रथिनांसाठी फुटाणे, शेंगदाणे, अंडी, तुरीचं वरण, सोयाबीनच्या वड्या. यातलं काय परवडतं हे विचारल्याशिवाय तक्ता लिहायचा नाही. आमच्या धंद्यात अवोकाडो लिहून देणारेही आहेत बाप्पा, कोंढाळीसारख्या गावच्या पोराला.

मराठी माध्यमाची काळजी करतेस, ती पहिल्या वर्षापुरती. पुस्तकं इंग्रजीत आहेत, शब्द अंगवळणी पडतात. उलट पुढे मराठीच कामी येते. चोवीस तासांत काय खाल्लं हे काढून घेणं हे या शास्त्रातलं सगळ्यात अवघड प्रॅक्टिकल. ते असं चालतं:

"काल रात्री काय जेवला?"
"नेहमीचंच मॅडम. भाजी-पोळी."
"किती पोळ्या?"
"दोन-तीन."
"घरी पोळ्या कोण करतं? लाव फोन आईला."
आई म्हणते, "पाच खाते ना तो, वरून भात."

दोन पोळ्या आणि पाच पोळ्या यांत चांगलं तीनशे कॅलरींच्या घरातलं अंतर पडतं, आणि त्यावर तुझा अख्खा हिशेब उभा असतो. पोरगा खोटं बोलत नसतो, त्याने मोजलेलंच नसतं. म्हणून वाटी दाखवायची, चमचा दाखवायचा, 'वरून तेल घेतो का' हे वेगळं विचारायचं. वऱ्हाडीत विचारलं की उत्तरं मोकळी येतात.

नागपूरचा दुसरा फायदा म्हणजे ऊन. हसू नको. घामाचा हिशेब शिकायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. सरावाआधी लघवीला जाऊन कमी कपड्यांत वजन करायचं, सरावानंतर अंग पुसून पुन्हा. समजा मानकापूरच्या क्रीडा संकुलात मे महिन्यात एक कबड्डीपटू ७०.४ किलोचा उतरला, दीड तासाने ६८.८ भरला आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायला. कमी झालेले १.६ किलो अधिक प्यालेलं ०.५, म्हणजे २.१ लिटर घाम, तासाला १.४. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं, तेव्हा पुढच्या वेळी त्याने जास्त प्यायला हवं. आणि उलट कुणाचं वजन सरावानंतर वाढलं, तर तो घामापेक्षा जास्त पाणी ढोसतोय. रक्तातलं सोडियम उतरणं हे उन्हाइतकंच धोक्याचं. काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटतात त्याला मिठाची गरज जास्त. लिटरभर पाण्यात साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू: महागड्या बाटलीचं काम बहुतेकांचं यात भागतं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट नीट शिक, कारण कोच बोलत नाहीत. पाळी बंद झाली की 'सराव चांगला चाललाय' असं समजणारे अजून आहेत. समजा एका मुलीचं चरबी सोडून वजन चाळीस किलो, खाते १७०० कॅलरी, सरावात ६०० जातात. उरल्या ११००, भागिले ४०, म्हणजे किलोमागे २७.५ कॅलरी. ही संख्या तीसच्या खाली गेली की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं, आधी पाळी, मग हाडं. याला रेड्स (RED-S, खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून त्यावर मार्गदर्शन काढलंय. तुझी स्वतःची पाळी नियमित आहे का, हेही या निमित्ताने बघून घे.

विदर्भात काम करणार असशील तर सिकलसेलही वाच, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. इथे तो बराच आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की सरसकट लोहाच्या गोळ्या सुचवायच्या नाहीत, आधी डॉक्टरकडून तपासणी. आणि नुसता वाहक असलेल्या खेळाडूलाही भर उन्हात, पाणी न पिता जिवापाड पळवणं धोक्याचं ठरू शकतं. बाहेरच्या पुस्तकांत यावर एखादा परिच्छेद असतो, तुला रोज लागेल.

सप्लिमेंटबद्दल तू विचारलं नाहीस, पण ग्राहक पहिलं तेच विचारतील. क्रिएटिन आणि कॅफिन यांच्यामागे भक्कम पुरावा आहे, बाकी बऱ्याच डब्यांमागे जाहिरात. डब्यात लिहिलेलं नसलेलं द्रव्य निघालं आणि डोपिंगमध्ये खेळाडू सापडला, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. त्यामुळे जिमच्या काउंटरवर कमिशन घेऊन डबे विकणं आणि हे काम, दोन्ही एकत्र करू नको.

पैशांचं बाबांना खरं सांग. सुरुवातीला खेळाडू पैसे देत नाहीत, त्यांच्याकडे नसतातच. पहिली काही वर्षं हॉस्पिटल, क्लिनिक, वजन कमी करणारे ग्राहक यांवर घर चालतं. क्रीडा प्राधिकरणाच्या जागा निघतात, बऱ्याचदा कंत्राटी. अकादम्या आणि संघ नंतर येतात. शिकण्यासाठी मात्र पोलीस भरतीची पोरं-पोरी धर. सोळाशे मीटर आणि आठशे मीटरसाठी पहाटे मैदानं भरलेली असतात, आणि निम्मी उपाशीपोटी पळतात. त्यांच्या खाण्याची वही ठेवलीस तर पदवीच्या दुसऱ्या वर्षी तुझ्याकडे असा अनुभव असेल जो मुलाखतीत दाखवता येतो.

पळणं सोडू नको. फक्त प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन प्रॅक्टिकलच्या वेळा विचार. सकाळच्या असतील तर कोचशी संध्याकाळच्या सरावाचं आताच बोलून ठेव.