वाचकांचे प्रश्न : फोटोतल्या माणसाला विचारलं का?

या वेळी आलेले बरेच प्रश्न प्रवासातल्या आणि घरातल्या फोटोंचे आहेत. आदिवासी गावांतला होळीआधीचा भगोरिया नुकताच झाला आणि रंगपंचमी तोंडावर आहे, म्हणून असेल. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे प्रश्न मनात राहिले ते घेतेय.

प्रश्न : ताई, यंदा ग्रुपबरोबर अलीराजपूरकडे भगोरियाला गेले होते. एकाच रंगाचे कपडे घातलेल्या मुलींचे घोळके, अंगभर चांदी, मी भराभर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर एका मुलीने तीन-चार फोटोंत चेहऱ्यासमोर हात धरलाय. ग्रुपमधले म्हणतात हेच सगळ्यात भारी आलेत, स्पर्धेला पाठव. पाठवू का? (एक वाचक, टिळकनगर, इंदूर)

नका पाठवू. तिने हात मधे धरला तेच तिचं उत्तर होतं, आणि तुम्हाला ते खटकलं म्हणूनच तुम्ही विचारताय ना.

भगोरियाबद्दल थोडं सांगते, कारण इंदुरातून गाड्या भरून लोक जातात आणि जाताना डोक्यात एकच गोष्ट असते की हा मुलं-मुली पळून जाऊन लग्न करायचा मेळा. तिकडची शिकलेली पोरं या वर्णनावर किती चिडतात ते त्यांच्याशी बोलल्यावरच कळतं. मुळात हा हाट, म्हंजे आठवडी बाजार आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोनकडे ज्या गावाचा जो बाजारचा वार, त्या दिवशी तिथे भगोरिया. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं या दिवसांत घरी येतात, होळीची खरेदी होते, साखरेच्या गाठ्या, फुटाणे, बांगड्या, पाळण्यात बसणं, मांदल ढोल आणि बासरी घेऊन अख्खं गाव वाजत येतं. महिनोन्‌महिने बांधकामावर राबून आलेली बहीण आणि घरी राहिलेली बहीण तिथे भेटतात हो. आणि आपण मोठी लेन्स लावून त्यांच्या मधे उभे.

एक गोष्ट मी तिथे नेहमी बघत बसते. हाटातच पडदा लावून फोटो काढून देणारे असतात, मागे बाग नाहीतर धबधबा रंगवलेला. आपल्याला बघून तोंड फिरवणाऱ्या मुली तिथे मैत्रिणींना घेऊन नंबर लावून उभ्या असतात. ओढणी सारखी करतात, गळ्यातली चांदीची हसली पुढे काढून नीट दिसेल अशी घेतात, कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा यावर भांडतात, मग एकदम गंभीर होऊन कॅमेऱ्यात बघतात, पैसे देतात आणि फोटो घेऊन जातात. म्हंजे फोटोला त्यांची ना नाहीच. आपण कसं दिसायचं आणि तो फोटो कोणाकडे राहणार हे त्यांना स्वतः ठरवायचं असतं, आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं.

तर पुढच्या वर्षी जा, जरूर जा, पण पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच राहू दे. बांगडीवालीकडे बसा, काहीतरी घ्या, बोला. मग विचारा. हो म्हणाली तर काढा, स्क्रीनवर दाखवा आणि तिथेच पाठवून द्या, आता मोबाईल सगळ्यांकडे आहे. आणि मोबाईल आहे म्हणूनच तुमचा स्पर्धेतला फोटो उलटसुलट ओळी लिहून तिच्या गावात पोचायला एक संध्याकाळ पुरते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : माझ्या काकांचा राजवाड्याजवळ स्टुडिओ होता. माळ्यावर काचेच्या प्लेटांची पेटी निघाली, काही एकमेकींना चिकटल्यात. मुलगा म्हणतो पुसून साफ करू नाहीतर भंगारात देऊ. (एक ज्येष्ठ वाचक, नारायण बाग, इंदूर)

काका, दोन्ही करू नका, आज तर नकोच! त्या प्लेटा म्हंजे जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह, काचेवर एका बाजूला जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात आहे. ओलं फडकं लावलंत की तो फुगतो, सुटतो आणि चेहरा फडक्यावर येतो. चिकटलेल्या प्लेटा ओढून वेगळ्या करू नका, तशाच राहू द्या, ते जाणकाराचं काम. बाकीच्या कडेला धरून उचला, साध्या आम्लविरहित कागदात एकेक गुंडाळा आणि खोक्यात उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, माळ्यावरही नको, पावसाळ्यात तिथे दमट होतं. कोणाचा फोटो आहे ते बघायचं असेल तर टॅबलेटवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, प्लेट त्याच्या थोडी वर धरा, मोबाईलने फोटो काढा आणि रंग उलटे करा. बघा मग कोण कोण भेटतं ते.

आणि काका, तुमची पेटी इंदुरात निघाली याचं मला जास्त अप्रूप वाटलं. जुन्या काळचे नामांकित फोटोग्राफर लाला दीनदयाळ इथलेच हो, म्हंजे जन्म १८४४चा, मेरठजवळ सरधन्याचा, रुडकीला शिकले, पण नोकरी इथे इंदुरात बांधकाम खात्यात आणि कॅमेरा हातात घेतला तोही इथेच, १८७४ साली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी पाठबळ दिलं, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आहे त्या हेन्री डेलींनी उत्तेजन दिलं, लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मध्य भारतात हिंडून त्यांनी किल्ले-देवळांचे फोटो काढले. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. मला त्यांच्या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणारीही बाईच. एवढ्या मोठ्या फोटोग्राफरने समोरच्या बाईला कोणासमोर बसायला संकोच वाटणार नाही याचा विचार त्या काळात केला. वरच्या भगोरियाच्या प्रश्नाला मी उत्तर देत होते तेव्हाही मला हेच आठवत होतं.

त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २,८५७ आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहेत. कोणीतरी त्या भंगारात दिल्या नाहीत म्हणून आहेत. तुमच्या पेटीत राजे नसतील, मुंजी, नवराबायको, मिलमधले कामगार, पास झालेली पोरं असतील, पण इंदूर तेच होतं ना.

प्रश्न : कोणता कॅमेरा घेऊ? बजेट कमी आहे. (एक विद्यार्थी, राऊ)

आत्ता घेऊ नकोस. मोबाईलवर काढ, काढलेल्यातले थोडे निवडून प्रिंट करून घे आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन दे. ते फोटोकडे बघून काय बोलतात ते ऐक. सहा महिन्यांनी परत विचार, तेव्हा कोणती लेन्स हवी ते तूच मला सांगशील.

प्रश्न : ताई, मी दर वीकेंडला गाडी काढतो, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर सगळं झालं, पण फोटो इतरांच्यासारखेच येतात. आता लडाखला जावं का? (विजयनगर, इंदूर)

लडाखला जा की, पण त्याने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. महेश्वर ‘झालं’ म्हणतोस, म्हंजे दहाला पोचलास, घाट, नाव, साडीचं दुकान, चारला परत, असंच ना?

महेश्वरचा घाट नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, त्याचं तोंड दक्षिणेला. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली असतो तेव्हा किल्ल्याच्या भिंतीवर जवळजवळ दिवसभर तिरपं ऊन असतं, कोरीव कामाची एकेक रेघ उठते. तोच घाट मे महिन्यात दुपारी सपाट आणि पांढरा दिसतो. एवढं कळायलाही एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत जावं लागतं. सकाळी लवकर अहिल्याबाईंच्या वाड्यात जा, तिथे रोज लिंगार्चन होतं, काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं करून पाटावर ओळीने मांडतात, पूजा झाली की सगळी नर्मदेत सोडतात. अहिल्याबाई १७९५ साली गेल्या आणि ही पूजा अजून चालू आहे. मातीत बुडालेली ती बोटं न बघता सारखी फिरत असतात, एकसारखी लिंगं पडत जातात, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती बघत बसते, फोटो मिळाला तर मिळाला.

आणि विणकरांकडे बस. १९७९ मध्ये रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी ही विणकरांसाठीची संस्था सुरू केली तेव्हापासून इथल्या मागांना परत काम मिळालं, साडीच्या किनारींवर किल्ल्याच्या दगडातल्या वेली आहेत हे तुला दुकानात सांगितलं असेलच. एका विणकराला मी त्याचाच फोटो प्रिंट करून नेऊन दिला होता, खिडकीतून येणारं ऊन ताण्यावर पसरलेलं, मला फार आवडलेला फोटो. त्याने चष्मा लावला, उजेडात धरला आणि म्हणाला, “दीदी, इसमें तार टूटा हुआ है.” खरंच होतं, डाव्या बाजूला एक तुटलेला धागा लोंबत होता. मग मला बसवून घेतलं, धागा कसा सांधतात ते चिमटीत धरून दाखवलं, दोन टोकं बोटांत वळली आणि गाठ दिसेनाशी झाली, आणि म्हणाला आता काढा, हा भिंतीवर लावीन. तो फोटो आता त्याच्या मागाशेजारी आहे. उजेड पहिल्यात चांगला होता पण माणूस दुसऱ्यात आहे. असा फोटो इतरांच्यासारखा येणार कसा, कारण तो त्याने सांगितल्यावर काढलेला आहे.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. हॉलमध्ये त्यांचा पासपोर्टचा फोटो मोठा करून लावलाय पण ते त्यात ते वाटतच नाहीत. भाच्याच्या लग्नातला एक आहे, पंगतीत जिलबी वाढताना वाकलेले, तोंड अर्धंच दिसतंय, मुलं म्हणतात तो कसा लावायचा. (एक काकू, रामबाग, इंदूर)

काकू, तोच लावा. पासपोर्टचा फोटो ऑफिसातल्या माणसाला दाखवायला काढलेला असतो, त्यात कोणीच आपल्या घरचं वाटत नाही. जिलबीची परात घेऊन आग्रह करणारे काका ज्यांनी पाहिलेत त्यांना अर्धं तोंड पुरेसं आहे, खांद्याच्या वाकण्यावरून ओळखतील.

आपल्या इंदूरचंच उदाहरण देते. महाराज यशवंतराव होळकर दुसरे आणि महाराणी संयोगिताराजे यांची दरबारी थाटातली चित्रं आहेतच, पण फ्रान्समध्ये मॅन रे या फोटोग्राफरने त्यांचे साधे फोटो काढले, एकमेकांना बिलगून बसलेले, दोघंही अगदी तरुण. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा ती दोघं नवराबायको वाटली. राजघराण्याचं असं, मग आपलं काय.

आता कामाचं. ज्या भाच्याच्या लग्नातला आहे त्याच्याकडून मूळ फाईल मागवा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक होऊन येतो. प्रिंट फार मोठी करू नका, पाच बाय सात छान दिसेल. स्टुडिओवाला मागचे लोक काढून ढग घालतो म्हणाला किंवा कॉम्प्युटरवर चेहरा पूर्ण करून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा, तो चेहरा दुसऱ्याच कोणाचातरी असेल. मागे पेन्सिलीने तारीख, कोणाचं लग्न, शेजारी कोण बसलंय ते लिहून ठेवा, नातवंडांना लागेल. आणि तुमचाही एक काढून घ्या या महिन्यात, तुम्हाला आवडेल तसा, तुम्ही म्हणाल त्या जागी बसून.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) कॅमेरा कसा वाचवायचा? (दोघा-तिघांनी विचारलंय)

राजवाड्यापाशी गर्दीत उतरणार असाल तर एकच लेन्स घरूनच लावून जा आणि तिथे अजिबात बदलू नका, गुलाल आत गेला की सेन्सरवर बसतो. लेन्सपुढे साधा काचेचा फिल्टर, बाकी कॅमेरा जाड प्लास्टिकमध्ये, सांध्यांना टेप. टँकरवरून पाण्याचे फवारे थेट वरच्या मजल्यापर्यंत जातात, त्यामुळे गच्चीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सुका गुलाल पुसायचा नाही, आधी कोरड्या ब्रशने झटकायचा, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. ज्यांच्या गच्चीवरून काढणार त्यांना आदल्या दिवशी जाऊन विचारून या, सकाळी ऐनवेळी कोणी दार उघडत नाही. त्यांच्या घरच्यांचा रंगलेला एक फोटो त्यांना नंतर नक्की नेऊन द्या, पुढच्या वर्षी तेच तुमच्यासाठी कठड्यापाशी जागा धरून ठेवतील.