तिसऱ्यांदा नीटला बसवण्याआधी

कागलहून एका वडिलांनी लिहिलं आहे :

"माझी थोरली मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, पण सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क पडले नाहीत आणि प्रायव्हेटची फी आम्हाला झेपणारी नाही. मी साखर कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी माझी मोठी बहीण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. तिच्याबरोबर दवाखान्यात बहुतेक मुलगीच असायची. तेव्हापासून तिनं ठरवलंय, बायकांच्या कॅन्सरवर संशोधन करायचं. माझं म्हणणं, कॅन्सरवर काम करायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं. बी.एस्सी. सोडून वर्षभर लातूरला क्लास लावावा आणि परत नीट द्यावी. शिवाय हा विषय असा आहे की चारचौघांत सांगता येत नाही. उद्या स्थळं आली की पाहुण्यांना काय सांगायचं? हृदय, मेंदू असलं काही असतं तर एक वेळ चाललं असतं. तेरा वर्षांची धाकटीही आता हिचंच ऐकते. मॅडम, तुम्ही तिला समजावून सांगा."

नमस्कार.

मुलीचे नीटचे मार्क तुम्ही विषयवार मांडून पाठवलेत, बारावीची टक्केवारीही दिलीत. मी मात्र त्याच पानाच्या तळाशी अडकले. तिथे बहिणीबद्दल दोनच ओळी आहेत : "पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. परत लाल जायला लागलं, पण आठ महिने कुणाला बोलली नाही."

या ओळी आणि "चारचौघांत सांगता येत नाही" हे तुमचं वाक्य एकदा शेजारी ठेवून वाचा. ताई ज्या लाजेपायी आठ महिने गप्प राहिल्या, तीच लाज आता तुमच्या मुलीच्या वाटेत उभी आहे. तुम्ही वाईट हेतूनं लिहिलेलं नाही, हे मला कळतं. रजा टाकून बहिणीच्या रेडिएशनसाठी धावपळ करणारा भाऊ तुम्ही आहात. पण ताईंना आधी बोलावंसं का वाटलं नाही, याचा विचार घरात कुणी केला असेल तर तो या मुलीनं केलाय. आणि तिलाच आपण सांगतोय, विषय बदल.

हा कॅन्सर अचानक उपटत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काहींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. इतका अवधी हातात असताना पेशींमधला बिघाड सापडला, तर उपचार छोटासा असतो. तरीही २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्यानं गेल्या. पाळी गेल्यावर एकदा जरी लाल डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं असतं, हे आपल्याकडे आई लेकीला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही, आणि पुरुषांच्या तर कानावरच येत नाही.

म्हणून करिअरचं बोलण्याआधी मला तुम्हाला विचारायचंय. मुलीच्या आईची तपासणी झाली आहे का? तुमच्या पत्रात त्या "तिच्या आईलाही काळजी आहे" एवढ्यापुरत्या येतात. चाळिशी ओलांडलेली बाई, घरात नुकताच हा आजार होऊन गेलेला. त्यांना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत किंवा तुमच्या विश्वासातल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. दुखत-खुपत नसलं तरी न्या, कारण त्रास सुरू होण्याआधीच तपासायचं असतं. आणि धाकटीच्या लशीबद्दल तिथंच विचारा. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात देणं सर्वांत चांगलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या लशीला २०२२ मध्ये मंजुरीही मिळाली आहे. तेरा वर्षं हे अगदी योग्य वय आहे, ते हातचं घालवू नका.

आता तुमचा मुख्य मुद्दा. डॉक्टर झाल्याशिवाय कॅन्सरवर काम करता येत नाही, असं मानणारे पालक मला सतत भेटतात, आणि या एका समजापायी चांगली पोरं वर्षामागून वर्षं ड्रॉप घेत बसतात. तुम्ही कारखान्यात आहात म्हणून तिथलंच सांगते. ऊस पिकवणारा शेतकरी वेगळा आणि रसाचा नमुना तपासून रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, काढणारा केमिस्ट वेगळा, दोघांवाचून हंगाम निघत नाही. पेशंटच्या आजाराचं निदान करणं, औषध लिहून देणं, ऑपरेशन करणं हे डॉक्टरचंच काम आणि तिथं दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. पण आजार कशानं होतो, लवकर कसा ओळखायचा, कुठलं औषध कुणाला लागू पडेल हे शोधणाऱ्यांत डॉक्टर नसलेली माणसं भरपूर असतात. ताईंना जे आतलं रेडिएशन दिलं, त्याचं गणित मांडणारा मेडिकल फिजिसिस्ट हा भौतिकशास्त्र शिकलेला माणूस असतो. एचपीव्हीच्या लशीमागचं मूळ काम करणाऱ्यांत डग्लस लोवी डॉक्टर आहेत, पण त्यांच्या बरोबरीनं राबलेले जॉन शिलर पीएचडी. बीआरसीए-१ या जनुकात बिघाड असेल तर घरातल्या बायकांना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. ते जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० मध्ये दाखवणाऱ्या मेरी-क्लेअर किंग यांची पहिली पदवी गणितातली, मग जनुकशास्त्रात पीएचडी. त्या वाटेनं पुढे गेलेल्या संशोधनातूनच ओलापॅरिब हे औषध आलं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर बार्शीला या. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या गावागावांत एक अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे गट पाडून कुठे एचपीव्हीची चाचणी, कुठे पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली तपासणं, कुठे ॲसिटिक ॲसिड लावून पाहणं, आणि एका गटात नेहमीची आरोग्यसेवा अशी विभागणी होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची चाचणी फक्त एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू नेहमीच्या सेवेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे होते. हा निष्कर्ष जगभर पोचला आणि तो आपल्याच भागातल्या, तुमच्या बहिणीसारख्याच शेतात राबणाऱ्या बायकांच्या नमुन्यांतून निघाला. नमुने गोळा करणारे, ते लॅबमध्ये तपासणारे, नोंदी ठेवणारे, आकडे मांडणारे लोक त्यामागे लागतात. तुमची मुलगी जे म्हणते आहे, ते हे काम.

मुंबईतलं उदाहरण तर आणखी जवळचं. टाटानं १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमध्ये साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन तपासणीला उभं केलं. गर्भाशयाच्या तोंडावर ॲसिटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते, ती प्रखर दिव्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसते. दीड लाख बायकांच्या त्या अभ्यासात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ते डोळे डॉक्टरांचे नव्हते.

आणि एका वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक समर्थ यांची इच्छा होती की मुलीनं मेडिकलला जावं आणि डॉक्टरशी लग्न करावं. मुलीनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, मास्टर्सला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला आणि लग्न गणितातल्या माणसाशी केलं. त्या कमल रणदिवे. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवून त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये तिथेच वाढवल्या गेल्या. त्यासाठी तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या हेला पेशींवर आजही जगभर काम चालतं. रणदिवे परत आल्या, मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली आणि १९८२ मध्ये पद्मभूषण झाल्या. त्यांच्या नावापुढे एमबीबीएस कधीच नव्हतं.

बी.एस्सी. अर्ध्यावर सोडणं हा तुमच्यापुढच्या पर्यायांतला सर्वांत वाईट पर्याय आहे, हे मी स्पष्ट सांगते. नीटला वरची वयोमर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. तिला स्वतःला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायचं असेल, तर पदवी हातात घेऊनही ती नीट देऊ शकेल. तो रस्ता साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं स्त्रीरोग आणि वर तीन वर्षं कर्करोग शस्त्रक्रिया असा आहे. पण ही इच्छा तिची असायला हवी. तुमच्या पत्रात ती इच्छा फक्त तुमची दिसते.

संशोधनाची वाट नेहमीचीच आहे : शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्या-मुंबईत एम.एस्सी., त्यासाठी जॅम, सीयूईटी किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मग सीएसआयआर, डीबीटी किंवा आयसीएमआर या सरकारी संस्थांची जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, आणि पीएचडीसाठी टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक व परळची आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था या दोन जागा नजरेसमोर. जेआरएफ मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्या पगारावर येत नाही.

मुलीलाही एक सांगायचंय, हे पत्र तिला वाचायला द्या. बाळ, आत्याच्या जाण्यातून तुझा निश्चय आला आहे, तो खरा आहे. पण दुःख एम.एस्सी.पर्यंत नेईल, पीएचडीच्या चौथ्या वर्षापर्यंत नेईलच असं नाही. या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करून उत्तर "नाही" असं येऊ शकतं. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडता यावा म्हणून ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं केली. २०२१ मध्ये कळलं, यानं मृत्यू कमी होत नाहीत. त्यात आयुष्याची वीस वर्षं घातलेल्या लोकांनी तो निष्कर्ष जसा होता तसा जगापुढे ठेवला. लाखो बायका निरुपयोगी तपासण्यांपासून आणि नको त्या ऑपरेशनपासून वाचल्या, हेही त्यांचंच काम. असा निकाल हातात आला तर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये यावंसं वाटेल का, हे स्वतःला विचार.

पुन्हा तुमच्याकडे वळते. स्थळांचं. गर्भाशय म्हटलं की ज्या घराला अवघडल्यासारखं होतं, त्या घरात तुमची मुलगी पन्नाशीला पोचेल आणि तिला काही त्रास होईल, तेव्हा ती कुणाला सांगणार? असं घर तिच्या विषयामुळे परस्पर मागे फिरलं, तर वडील म्हणून तुम्हाला हायसंच वाटायला हवं. पाहुण्यांनी विचारलं तर सरळ सांगा, माझी बहीण या आजारानं गेली आणि माझी मुलगी त्यावर काम करणार आहे. ऐकणाऱ्यांपैकी एखादी बाई घरी जाऊन तपासणी करून घेईल.

तिला समजावण्याचं काम मी घेत नाही, पण तिच्याशी बोलायला मला आवडेल. पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं. प्रॅक्टिकलमध्ये कशात वेळ गेलेला कळत नाही तेही लिहावं, कल्चर वाढवण्यात, मायक्रोस्कोपखाली पाहण्यात, की निकालांचे आकडे मांडण्यात. आणि दवाखान्यात आत्याजवळ बसलेली असताना डॉक्टरांना विचारायचा राहून गेलेला एखादा प्रश्न असेल तर तोही. त्यावरून एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीत करावी, बायोटेक्नॉलॉजीत, की संख्याशास्त्राची जोड देऊन साथरोगशास्त्राकडे जावं, हे मला सांगता येईल. तिसऱ्या वर्षाचे विषय निवडण्याआधी पत्र आलं तर बरं.