अलीबाबाची आई : सोफिको चियाउरेली

प्रश्न : परवा टीव्हीवर धर्मेंद्र-हेमामालिनीचा 'अलीबाबा और चालीस चोर' लागला होता. अलीबाबाच्या आईचं काम केलेली बाई आपल्याकडची वाटत नाही. कोण ती? – एक वाचक, मिरज

उत्तर : बरोबर ओळखलंत. ती सोफिको चियाउरेली, तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये असलेल्या जॉर्जियाची, जन्म तिथल्या राजधानीतला, तिबिलिसीतला, १९३७ चा. तो पिक्चर भारत आणि सोव्हिएत युनियनने मिळून काढलेला, उमेश मेहरा आणि लतीफ फैझियेव असे दोन डायरेक्टर, म्हणून कलाकारही दोन्हीकडचे. धर्मेंद्रचा जन्म १९३५ चा, म्हणजे पडद्यावरची आई मुलापेक्षा लहान!

पण तिला तेवढ्यावरच ओळखू नका हो, मनापासून सांगते. तिची आई वेरिको अंजापारिद्झे म्हणजे जॉर्जियन रंगभूमीवरचं फार मोठं नाव, वडील मिखाईल चियाउरेली स्टालिनच्या काळातले बडे फिल्म डायरेक्टर. अशा घरातली मुलगी आईच्या सावलीतच राहायची भीती, पण ही मॉस्कोच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आली आणि तिबिलिसीच्या मार्जानिश्विली थिएटरात, म्हणजे आईच्याच थिएटरात उभी राहिली, मधे काही वर्षं रुस्तावेली थिएटरात, आणि सिनेमे चालूच.

प्रश्न : पराजानोवच्या सिनेमात तिने पुरुषाचं काम केलंय हे खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : खरंय. पराजानोव म्हणजे सोव्हिएत काळातला नावाजलेला फिल्म डायरेक्टर. त्याचा 'डाळिंबाचा रंग', १९६९. अठराव्या शतकातला कवी सायात नोवा, त्याच्यावरचा सिनेमा. त्यात तरुण कवीही तीच आणि त्याची प्रेयसीही तीच, शिवाय आणखी काही भूमिका. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, संवाद नाहीतच म्हटलं तरी चालेल, मग नटाकडे उरतं काय तर मान, बोटं आणि डोळे, आणि तेवढ्यावर ती आधी पुरुष मग बाई होते आणि आपल्याला कुठेही खोटं वाटत नाही. मला विचाराल तर ही तालीम स्टेजची. सोव्हिएत अधिकाऱ्यांना सिनेमा पटला नाही, तो दुसऱ्याकडून पुन्हा कापून घेतला, पुढे १९७३ च्या शेवटी पराजानोवला अटक झाली. सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी तो परत सिनेमा करायला लागला तेव्हा 'सुरामी किल्ल्याची दंतकथा' आणि 'आशिक केरीब' दोन्हींत सोफिको होतीच.

प्रश्न : नंतर तिने नाटक सोडलं का? – तेच वाचक

उत्तर : छे! दुसरे पती कोते माखाराद्झे, स्वतः नट, आणि फुटबॉलची कॉमेंट्री करणारे म्हणून सगळ्या सोव्हिएत युनियनला आवाजाने माहीत. दोघांनी राहत्या घरातच छोटं थिएटर उभं केलं, नाव वेरिकोचं. २००८ मध्ये सोफिको गेली.

बघायचंच तर पहिला पराजानोव लावू नका, नवख्या माणसाला जड जातो. लाना गोगोबेरिद्झे या बाईंचा १९७८ चा 'काही मुलाखती, खासगी प्रश्नांवर' बघा. सोफिको त्यात पत्रकार आहे, बायकांच्या मुलाखती घेत फिरते, तुम्ही सुखी आहात का विचारते, आणि इकडे तिचाच संसार हातातून सुटत चाललाय. अलीबाबाची आई केली त्याच सुमाराचं काम हे, दोन्ही लागोपाठ बघा म्हणजे कळेल काय ताकदीची बाई होती.