तुमचे प्रश्न : रांग न धरणारी मुंगी

गेल्या अंकात सहारा वाळवंटातल्या कॅटाग्लिफिस मुंग्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. माझा जीव या मुंग्यांवर आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मुंग्या म्हटलं की रांग डोळ्यांपुढे येते. ही मुंगी एकटीच अन्न शोधायला जाते, असं तुम्ही लिहिलंत. मग ती घरी परत कशी येते? (एक शिक्षिका)

उत्तर : रांगेतल्या मुंग्या जमिनीवर वासाची रेघ सोडत जातात आणि मागच्या त्या रेघेवरून चालतात. भरदुपारी तापलेल्या वाळूवर अशी रेघ टिकणं अवघड. शिवाय कॅटाग्लिफिसचं अन्न म्हणजे उन्हाने मेलेले किडे. ते विखुरलेले असतात, आज इथे तर उद्या भलतीकडे, आणि बहुतेक वेळा एकटीने उचलून नेता येतील एवढेच. त्यासाठी इतरांना बोलावून फायदा नाही.

अन्न शोधताना ती कितीही वेडीवाकडी फिरते, पण किडा सापडला की सरळ रेषेत घराकडे धावत सुटते. झुरिच विद्यापीठाचे र्‍यूडिगर वेनर यांनी ट्युनिशियात अनेक दशकं या मुंग्यांचा अभ्यास केला. तिथला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. अन्न मिळालेल्या मुंगीला अलगद उचलून दूर दुसरीकडे सोडलं, तर ती खऱ्या घराकडे जात नाही. मूळ जागेवरून घर ज्या दिशेला आणि जेवढ्या अंतरावर होतं, त्याच दिशेने तेवढंच अंतर ती धावते, थांबते आणि तिथे गोल गोल फिरून बिळाचं तोंड शोधू लागते. म्हणजे निघाल्यापासूनच्या प्रत्येक वळणाची बेरीज ती चालता चालता करत असते.

दिशा तिला आकाशातून कळते. ट्युनिशियातल्या कैरवान शहरात राहणाऱ्या फेलिक्स सांची या स्विस डॉक्टरांनी १९११ मध्येच मुंग्यांवर सावली धरून आरशाने सूर्य उलट बाजूला दाखवला होता. मुंग्या वळून उलट दिशेने चालू लागल्या. सूर्य दिसत नसेल तरी चालतं. निळ्या आकाशातल्या प्रकाशाची कंपनं सूर्य कुठे आहे त्यानुसार ठरावीक दिशेत होतात. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. तो आपल्या डोळ्यांना वेगळा ओळखता येत नाही, पण मुंगीच्या डोळ्याच्या वरच्या कडेला खास त्यासाठीच घडलेला भाग असतो आणि तो अतिनील प्रकाशात काम करतो.

अंतर ती पावलांवरून मोजते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा मीटर चालून अन्नापर्यंत आलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, तर काहींचे पाय आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या सुमारे पंधरा मीटरपर्यंत गेल्या, आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबून घर शोधू लागल्या. पावलं तेवढीच, पण पाऊल बदललेलं. नंतर त्याच मुंग्या बदललेल्या पायांनी घरातून निघाल्या, तेव्हा जाण्याचं आणि येण्याचं माप पुन्हा जुळलं.

प्रश्न : या प्रयोगाबद्दल मी आधी वाचलं आहे. मुंगीचे पाय कापणं क्रूर नाही का? (कॉलेजात शिकणारा एक वाचक)

उत्तर : आहे, आणि ते वर्णन वाचताना मला त्रास होतो. तरी फक्त लांब पायांचा प्रयोग केला असता, तर कोणीही म्हणालं असतं की चिकटवलेल्या ओझ्याने मुंगी गोंधळली असेल. आखूड पायांची मुंगी अलीकडे थांबली, म्हणून तो आक्षेप उरला नाही. माझं मत असं की हा प्रयोग एकदा करणं समजू शकतं. कुतूहलापोटी तो घरी किंवा वर्गात करून पाहणं मात्र मला मान्य नाही. मुंगीला उचलून हलवण्याच्या प्रयोगातून तिच्या बेरजेबद्दल बरंच समजतं आणि तिला इजाही होत नाही.

प्रश्न : हे सगळं तिला जन्मतःच येतं की ती शिकते? (आठवीतली एक विद्यार्थिनी)

उत्तर : बेरीज करण्याची क्षमता उपजत असते, पण घराचा परिसर प्रत्येकीला नव्याने शिकावा लागतो. कामकरी मुंगी आयुष्याचे पहिले काही आठवडे बिळातच, अंधारात काम करते. मग दोन-तीन दिवस ती बाहेर येऊन बिळाभोवती छोट्या फेऱ्या मारते. या फेऱ्यांत ती अन्न आणत नाही. मधेच थांबते, स्वतःभोवती गिरकी घेते आणि क्षणभर बरोबर बिळाच्या तोंडाकडे पाहते. तिच्या उंचीवरून ते भोक दिसतही नाही, मग ते कुठे आहे हे तिला कसं कळतं? ग्रीसमधल्या एका जातीवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिळाभोवती विद्युत गुंडाळ्या ठेवून चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली, तर मुंग्यांची नजरही तेवढीच वळली. म्हणजे शिकण्याच्या या काळात तिचं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व असतं. त्याच्या आधाराने ती घराभोवतीच्या खुणा लक्षात ठेवते.

बाहेरचं काम सुरू झाल्यावर तिचं सरासरी आयुष्य जेमतेम सहा दिवसांचं. कोळी, माश्या, ऊन यांतून वाचलेल्या मुंग्या त्या दिवसांतही शिकत राहतात. अन्नाचा नवा वास एकदाच आला तरी तो पक्का बसतो. एका अभ्यासात त्यांनी एकापाठोपाठ एक चौदा वास लक्षात ठेवले. बिळाजवळचा वास शिकायला मात्र अनेक फेऱ्या लागतात आणि तो लवकर पुसलाही जातो. मला हे फार समजूतदार वाटतं. अन्न कुठल्याही वासाचं असू शकतं, पण घराचा पत्ता खात्री झाल्याशिवाय मान्य करणं धोक्याचं.

प्रश्न : प्रत्येकजण एकटी फिरते, तर मुंग्यांचं ते प्रसिद्ध सहकार्य कुठे गेलं? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. एकटीने फिरणं हे या मुंगीच्या कामाचं स्वरूप आहे, तिचं आयुष्य तसं नाही.

फ्रेंच आणि अमेरिकन संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅटाग्लिफिसच्या एका जातीतली मुंगी नायलॉनच्या दोऱ्याने बांधून वाळूत अर्धवट पुरली. तिच्याच वारुळातल्या मुंग्या धावून आल्या. त्यांनी वाळू उपसली, तिचे पाय ओढले आणि वाळूखालचा दोरा उघडा पडल्यावर नेमका तोच चावायला घेतला. परक्या वारुळातल्या किंवा बेशुद्ध केलेल्या मुंगीसाठी कोणी असं केलं नाही.

काही जातींत एका वसाहतीची अनेक बिळं असतात आणि एक मुंगी दुसरीला उचलून एका बिळातून दुसऱ्यात नेते. उचललेली मुंगी पाय दुमडून गप्प असते, म्हणजे पावलं मोजायचा प्रश्नच नाही. वाटेत दोघींना वेगळं केलं, तरी तिला घराचं अंतर माहीत असतं! डोळ्यांखालून मागे सरकणाऱ्या जमिनीवरून ती ते मोजते. डोळ्यांचा खालचा भाग झाकला तर तिला ते जमत नाही.

आणि ट्युनिशियातल्या मिठाच्या सपाट मैदानावरचा अभ्यास, २०२३ चा. तिथे क्षितिजापर्यंत झुडूप नाही, दगड नाही. अशा जागी मुंग्या बिळाच्या तोंडावर मातीचा ढीग रचतात, कधी कधी ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत. काठाजवळ, जिथे झाडी दिसते, तिथले ढीग बुटके असतात. संशोधकांनी ढीग काढून टाकले तेव्हा घरी पोचणाऱ्या मुंग्या कमी झाल्या आणि बहुतेक वसाहती लगेच नवा ढीग रचू लागल्या. जिथे बिळाजवळ काळे दंडगोल उभे केले, तिथे बहुतेक वेळा रचायची गरज पडली नाही. ढीग रचणाऱ्या मुंग्या अजून अन्न शोधायला न गेलेल्या, तरुण. वाट चुकणाऱ्या त्यांच्या अनुभवी बहिणी. बाहेरची ती अडचण आतल्या मुंग्यांपर्यंत कशी पोचते, यावर पुढचं संशोधन व्हायला हवं आणि मी त्याची वाट पाहते आहे.