रोज चालणे होते, मग पायांतली ताकद का कमी होते?

आपण लिहिले आहे की वडिलांचे वय ७४ आहे, ते नियमाने रोज फिरायला जातात, आणि तरीही अलीकडे खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांनी जोर द्यावा लागतो व जिना उतरताना कठडा सोडवत नाही. तेव्हा चालणे वाढवावे की ताकदीचे व्यायाम सुरू करावेत, आणि या वयात ते धोक्याचे तर ठरणार नाहीत ना, असा आपला प्रश्न आहे. ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात मी बरीच वर्षे काम करत आलो आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे : चालणे आहे तेवढेच राहू द्यावे, आणि वाढवायचा जो वेळ आपल्या मनात आहे तो पायांच्या ताकदीसाठी आणि तोल सांभाळण्याच्या सरावासाठी द्यावा.

चालण्याचे मोल मी कमी लेखत नाही. रक्तदाब, रक्तातील साखर, झोप, मनाची उभारी या सर्वांना त्याचा लाभ होतो. परंतु सपाट रस्त्यावर ओळखीच्या गतीने चालताना मांड्यांच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत, आणि ज्या कामात कष्ट नाहीत त्याने स्नायू बळकट होत नाहीत. खुर्चीतून उठताना मात्र संपूर्ण शरीराचा भार मांड्या आणि नितंबांच्या स्नायूंना उचलावा लागतो. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक झिजतात. ठेच लागल्यावर क्षणार्धात पाय पुढे टाकून आपल्याला सावरतात ते हेच तंतू. म्हणूनच रोज तासभर चालू शकणारा माणूसही एखाद्या उंबरठ्याला अडखळून पडतो.

ही झीज भरून काढता येते का, याचे उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेले आहे. मारिया फियातारोने या अमेरिकेतील वैद्यकीय संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बोस्टनमधील वृद्धनिवासात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे चांगले जड व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे १९९४ मध्ये अशाच शंभर अशक्त वृद्धांवर मोठा अभ्यास झाला. त्यात दहा आठवड्यांच्या व्यायामाने ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा व जिना चढण्याचा वेगही सुधारला, परंतु व्यायामाशिवाय नुसते पोषक पूरक पेय दिलेल्यांना तसा लाभ झाला नाही. शक्तिवर्धक डब्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी हा निष्कर्ष प्रत्येक घराने विचारात घ्यावा असे मला वाटते. आहारात पुरेशी प्रथिने हवीतच, मात्र ती कामी लागण्यासाठी स्नायूंवर भार पडावा लागतो.

पडण्याविषयीचा पुरावाही भक्कम आहे. २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा लाभ प्रामुख्याने तोल आणि उठणे-बसणे, वळणे यांसारख्या हालचालींच्या सरावाचा होता. केवळ चालण्याने पडणे टळते असे त्या आढाव्यातून सिद्ध झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा मिश्र सराव सांगितलेला आहे. बहुतेक घरांत यातील पहिला भाग पाळला जातो आणि उरलेले दोन कोणाच्या कानावरच आलेले नसतात.

सुरुवात खुर्चीपासूनच करावी. हात असलेली, न हलणारी, जरा उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. वडिलांनी पुढे सरकून बैठकीच्या कडेशी बसावे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकावे आणि श्वास सोडत उभे राहावे. पुष्कळ जण मागे रेललेल्या स्थितीतच उठू पाहतात आणि जमत नाही म्हणून हातांनी रेटतात. नीट पुढे झुकायला शिकवले की त्यांच्यापैकी काहींना पहिल्याच दिवशी हात न लावता उठता येते. खरी मेहनत मात्र बसताना आहे. शेवटची वीतभर उंची बहुतेक ज्येष्ठ स्वतःला सोडून देतात आणि धपकन बसतात. तेवढ्याच अंतरात मांड्यांचा कस लागतो, म्हणून मनात चार अंक मोजत सावकाश टेकावे. प्रथम हातांचा हलका आधार घेतला तरी चालेल. आठ ते दहा वेळा करावे, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तितकेच, आणि मध्ये एक दिवस सोडून आठवड्यातून तीन दिवस. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात पण ढब बिघडू नये, एवढे प्रमाण योग्य. ते सहज जमू लागले की आधार काढावा, मग हातात थोडे वजन द्यावे. वाढ थांबली की लाभही थांबतो, हे येथे ध्यानात असू द्यावे.

तोलासाठी ओट्याच्या कडेला बोटे टेकवून चवड्यांवर उंच होणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालणे पुरेसे आहे. हा सराव रोज केला तरी हरकत नाही. पायात घट्ट बसणारी पादत्राणे असावीत आणि पहिले काही दिवस कोणीतरी जवळ उभे असावे.

धोक्याची आपली शंका रास्त आहे. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम टाळावा. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर औषधांची मात्रा तपासून घ्यावी. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून मोठ्याने अंक मोजायला सांगणे सोपे पडते. गुडघ्यांची झीज हे कारण पुढे करून व्यायाम टाळू नये, कारण मांड्या बळकट झाल्या की बहुतेकांच्या गुडघेदुखीत उतारच पडतो. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी किंवा दुसऱ्या दिवशीही सूज ठेवणारी वेदना मात्र थांबण्याची खूण समजावी.

एक गोष्ट घरच्यांसाठी, आणि ती मी कळकळीने सांगतो. वडील उठू लागले की आपण धावून त्यांना हात देतो आणि पाण्याचा पेलाही जागेवर आणून ठेवतो. ही माया आहे, पण दिवसातून पंधरा-वीस वेळा होणारा त्यांचा सराव त्यामुळे बंद पडतो. जवळ उभे राहावे, पण उठू त्यांना द्यावे.

आजारपणात तर याचे महत्त्व आणखी वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायुभार घटला होता. म्हणून ताप किंवा रुग्णालयातील मुक्काम झाला तर डॉक्टरांची परवानगी मिळताच पलंगाच्या कडेवर बसणे आणि आधाराने उभे राहणे सुरू करावे, घरी आल्यावर पूर्वीच्या निम्म्या संख्येपासून व्यायाम धरावा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू मूळ संख्येवर यावे. गेल्या वर्षभरात ते एकदा जरी पडले असतील, तर पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सराव करून घ्यावा.