एक पुस्तक संपवायला तुम्हाला किती दिवस लागतात?

तीनशे पानांच्या कादंबरीला तुम्हाला महिना लागतो, बाकीचे आठवड्याला एक पुस्तक संपवतात, तर आपलं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. नाही चुकत. माझा हिशोब सांगते, म्हणजे कळेल.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पुस्तक काढायची सोयच नसते. एक हात वर कडीला, दुसऱ्याने पर्स पोटाशी धरलेली. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की टेकायला जागा मिळते, तिथून सीएसएमटीपर्यंत बारा-पंधरा पानं होतात. संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे बसून येते, तेव्हा तीसेक. तीनशे पानांना कामाचे सात-आठ दिवस. पण तो वेळ मला गाडीने दिलाय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी बंद, दिवसभर घरात, आणि चार महिन्यांत एकच पुस्तक पुरं झालं. तुम्हाला असा बांधलेला तास मिळत नसेल तर महिना लागणारच.

आणखी एक अनुभव: वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत करायची तारीख असते म्हणून संपतं. विकत घेतलेलं कपाटात राहतं. जमलं तर जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरा, खूप फरक पडतो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. गाडीत भराभर वाचलेल्या कित्येक कादंबऱ्यांमधल्या माणसांची नावंसुद्धा आज आठवत नाहीत. मनात राहिलं ते सर्वांत हळू वाचलेलं पुस्तक, ‘श्यामची आई’. शाळेत असताना मी ते दोन दिवसांत वाचलं होतं. गेल्या वर्षी आईला बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा रात्री जेवणं आटोपल्यावर तिला वाचून दाखवायला लागले. पुस्तकातलं एकेक प्रकरण म्हणजे एकेक रात्र, अशा बेचाळीस रात्री आहेत, म्हणून रोज एकच रात्र असं ठरवलं.

सातव्या रात्री ‘पत्रावळ’ आली. आईचं माहेर दापोलीकडचं. मी वाचत होते आणि तिचे हात मांडीवर आपोआप चालायला लागले, पान पानावर ठेवून काडीने टाचतात तसे. मग म्हणाली, “थांब गं जरा.” तिच्या वडिलांनी तिला पत्रावळ लावायला कशी शिकवली, पहिली पत्रावळ कशी गळली आणि आमटी पाटाखाली कशी गेली, हे सगळं तिने सांगितलं. मी पन्नाशीला आले, हे कधीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने तीच रात्र पुन्हा वाचायला लावली. पुढे असं बऱ्याचदा झालं. काही रात्री नुसत्या बोलण्यातच गेल्या, पुस्तक उघडलंच नाही. बेचाळीस रात्रींना अडीच महिने लागले.

साने गुरुजींनी यातल्या बहुतेक रात्री नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत लिहिल्या. लिहायला पाच दिवस, आम्हाला वाचायला पंचाहत्तर. मला त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

तेव्हा आठवड्याला एक पुस्तक वाचणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्याकडे वेळ असेल, सवय असेल, किंवा त्यांना तशी पुस्तकं आवडत असतील. फक्त एक बघा: महिनाभर तुम्ही त्याच पुस्तकाकडे ओढीने परत जाताय, की सुरू केलंय म्हणून रेटताय? रेटत असाल तर खुशाल बंद करा, दुसरं घ्या. मी साठाव्या पानापर्यंत वाट बघते, मग सोडते.

आमच्याकडे आता ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे. तीन आठवड्यांत सत्तर पानं झालीत, आणि आज आईने कालचीच दोन पानं परत मागितली आहेत.